आयत्या वेळी धावून येणारं आहेराचं कपाट: त्यात काय ठेवावं, काय नको, आणि तोच ब्लाउजपीस घरोघरी का फिरत राहतो?

रविवारची संध्याकाळ. फोन वाजतो. "अगं, तुमच्याच भागात आलोय. दहा मिनिटांत पोचतो. सूनबाईपण आहे सोबत!"

चहाचं आधण ठेवता येतं. चिवडा बशीत काढता येतो. पण लग्न होऊन महिनाही न झालेली नवी सून पहिल्यांदा घरी येणार, तिला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? बाजारात जायला वेळ नाही आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटाच्या पुड्यापलीकडे काही मिळणार नाही. अशा वेळी घरातली आई, आजी किंवा सासूबाई जराही न गडबडता आतल्या खोलीत जाते. कपाटाचा वरचा कप्पा उघडतो, एक साडी, नाहीतर ब्लाउजपीस बाहेर येतो, देवघरातला नारळ येतो, डब्यातले मूठभर तांदूळ येतात आणि पाच मिनिटांत ओटीची तयारी होते.

मराठी घरातल्या या कप्प्याला ठरलेलं नाव नाही. कुणी 'आहेराचं कपाट' म्हणतं, कुणी 'द्यायच्या वस्तूंची बॅग', कुणाकडे तो दिवाणाच्या पोटात असतो तर कुणाकडे माळ्यावरच्या ट्रंकेत. पण तो असतो. आणि समाजमाध्यमांवर दरवर्षी दिवाळीला सोनपापडीच्या डब्यावरून जे विनोद फिरतात ना, त्यांचा उगमही याच कप्प्यात आहे.

तर मंडळी, हा कप्पा ठेवणं शहाणपणाचं की नुसता पसारा? नीट ठेवला तर तो फार कामाचा आहे. पण तो नीट ठेवणं लोकांना वाटतं तितकं सोपं नाही.

प्रसंग सांगून येत नाहीत

लग्न, मुंज, वास्तुशांत यांची पत्रिका निदान आधी येते. खरी धावपळ होते ती लहान प्रसंगांना. पाहुण्यांसोबत त्यांचा पाच वर्षांचा नातू येतो आणि त्याच्या हातावर काहीतरी ठेवावंसं वाटतं. शेजारच्या मुलीचा दहावीचा निकाल लागतो आणि ती पेढे घेऊन दारात उभी राहते. ऑफिसमधले सहकारी निवृत्त होत असल्याचं त्याच दिवशी सकाळी कळतं. बारशाचं आमंत्रण आदल्या रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर येतं, आणि वर 'नक्की यायचं हं' असंही असतं.

त्यात आपल्याकडचं वर्षाचं वेळापत्रक वेगळंच. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि वाण. चैत्रात चैत्रगौरीचं हळदीकुंकू. गौरी-गणपतीत माहेरवाशिणी. दिवाळीत भाऊबीज आणि पाडवा. दर तीनेक वर्षांनी अधिक महिना आला की जावयाला ३३ अनारसे किंवा बत्तासे, सोबत ऐपतीप्रमाणे चांदीचं किंवा तांब्याचं भांडं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. पंचांग हातात असूनही अनेक घरांना अधिक महिना 'अचानक' येतो, ही गंमतच म्हणायची.

या सगळ्यात एक न बोललेला नियम आहे: कुणी दिलं की परत द्यायचं. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ साली भेटवस्तूंवरच्या आपल्या गाजलेल्या निबंधात हेच मांडलं. भेट वरवर ऐच्छिक दिसते, पण तिच्यात तीन बंधनं असतात: देण्याचं, स्वीकारण्याचं आणि परतफेडीचं. मॉसनं पॉलिनेशिया, मेलानेशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या समाजांची उदाहरणं घेतली होती. पण आपल्याकडच्या लग्नात आहेराची वही घेऊन बसलेल्या काकांना ही गोष्ट सांगायला पॅरिसहून कुणी यायची गरज नव्हती. कुणी किती रुपये दिले, कुणी भांडं दिलं, कुणी टॉवेल-टोपी केली, हे सगळं त्या वहीत उतरतं आणि पुढे त्यांच्या घरच्या कार्याला ती वही पुन्हा उघडली जाते.

'देण्याघेण्याची' साडी म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही साड्यांच्या दुकानात जा. गादीवर बसलेला विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, "नेसायला पाहिजे की देण्याघेण्यातली?" या एका प्रश्नात सगळं आलं. एक साडी नेसण्यासाठी असते आणि दुसरी फक्त देण्यासाठी. दुसरीचा रंग, पोत, टिकाऊपणा याला फारसं महत्त्व नसतं. ती घडीत चांगली दिसली की झालं, कारण ती घडी मोडली जाईल अशी कुणाचीच अपेक्षा नसते. ना देणारीची, ना घेणारीची, ना दुकानदाराची.

ब्लाउजपीसचं तर याहून पुढे गेलंय. एकेकाळी खण ही खरोखर उपयोगाची वस्तू होती. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा खण नऊवारी लुगड्यावरच्या चोळीसाठी हवाच असायचा. लुगड्यासोबत चोळीचं कापड येत नसे, त्यामुळे ओटीत मिळालेला खण घरी जाऊन शिवला जायचा, अंगावर फाटेपर्यंत वापरला जायचा. पुढे सहावारी साडीलाच ब्लाउजचं कापड जोडून येऊ लागलं, तयार ब्लाउज मिळू लागले, रोजच्या वापरात पंजाबी ड्रेस आणि जीन्स आली. खणाची गरज संपली, पण ओटीत खण घालायची रीत राहिली.

मग बाजारानं मार्ग काढला. ज्या कापडाचा ब्लाउज कुणी शिवणारच नाही, ते चांगलं कशाला विणायचं? पातळ, अंगाला चिकटणारं, साधारण ८० सेंटिमीटरचं पॉलिएस्टर डझनाच्या गठ्ठ्यात मिळू लागलं. हे ब्लाउजपीस शिवता येत नाहीत, पण टाकवतही नाहीत, कारण ओटीत आलेले असतात. मग करायचं काय? पुढच्या ओटीत घालायचे. अशा रीतीनं एकच ब्लाउजपीस दादरहून डोंबिवलीला, तिथून नाशिकला आणि गौरीच्या दिवसांत परत दादरला येऊ शकतो. एखाद्या नोटेसारखा तो चलनात असतो. नोट तरी शेवटी कुणीतरी खर्च करतं!

वस्तू अशा गोल फिरणं ही काही फक्त आपलीच खोड नाही. पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवर 'कुला' नावाची देवाणघेवाण चालते. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२२ साली तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तिथे लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेनं फिरतात आणि पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेनं. मिळालेली माळ कायमची ठेवून घ्यायची नसते, ठरावीक काळानं पुढे द्यायची असते. जो ती अडवून ठेवतो त्याची बदनामी होते.

म्हणजे आपला ब्लाउजपीस 'कुला'तच फिरतोय म्हणायचं? थोडंफार. पण एक मोठा फरक आहे. तिथली माळ कुणाकुणाच्या हातातून आली हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्या इतिहासानंच तिचा मान वाढतो. आपल्याकडे वस्तूचा इतिहास लपवावा लागतो. आधीच्या देणारीची चिठ्ठी काढून टाकायची, पिशवी बदलायची, आणि ती वस्तू मूळ मालकिणीकडेच परत जाणार नाही ना याची धास्ती बाळगायची.

यावर आपल्या आधीच्या पिढ्यांनी एक नामी उपाय शोधला होता, तो म्हणजे भांड्यावर नाव घालणं. स्टीलचा डबा, पातेलं किंवा तांब्याचा तांब्या घेतला की दुकानदार विचारायचा, "नाव घालायचं का?" मग मशीन घर्रकन फिरायचं आणि भांड्याच्या काठावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरली जायची. देणाऱ्याची आठवण राहावी हा हेतू होताच. पण एकदा नाव पडलं की ते भांडं दुसऱ्याला देता येत नाही. ते वापरावंच लागतं! आज पन्नास वर्षांनीही कित्येक घरांत मामाच्या नावाच्या डब्यात पोहे आणि आत्याच्या नावाच्या पातेल्यात दूध असतं, ते यामुळेच. याउलट त्याच काळातले लेमन सेट, फ्लॉवरपॉट आणि भिंतीवरची घड्याळं कुठे गेली, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आलेली भेट पुढे देणं वाईट का?

यावर भांडणं होतात. काहींना ते अपमानास्पद वाटतं, काहींना काटकसर वाटते.

अर्थशास्त्रज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नाताळात मिळालेल्या भेटींबद्दल विचारलं: देणाऱ्यानं अंदाजे किती पैसे मोजले असतील, आणि ही वस्तू स्वतः विकत घ्यायची असती तर तुम्ही किती मोजले असते? भावनिक मोल बाजूला ठेवून उत्तर द्यायचं होतं. दोन्हींत १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत तूट निघाली. तेवढे पैसे कुणाच्याच उपयोगी न पडता विरून गेले, असा त्यांचा हिशेब. मित्रमैत्रिणींच्या भेटींत ही तूट कमी होती, काका-मामा-आजी-आजोबांच्या भेटींत जास्त. घेणाऱ्याची आवड माहीत नसली की असं होणारच.

म्हणजे नको असलेली वस्तू कपाटात सडवण्यापेक्षा ज्याला हवी त्याला दिलेली बरी. पण मूळ देणाऱ्याला कळलं तर? त्याला वाईट वाटेल ना? गॅब्रिएल ॲडम्स, फ्रान्सिस फ्लिन आणि मायकेल नॉर्टन यांनी यावर केलेलं संशोधन २०१२ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये आलं. त्यातून दिसलं की, भेट पुढे देणाऱ्याला वाटतं तितकं मूळ देणाऱ्याला वाईट वाटत नाही. घेणाऱ्यांच्या मते भेट दुसऱ्याला देणं हे ती कचऱ्यात टाकण्याइतकंच वाईट होतं. ज्यांनी भेट दिली होती ते मात्र म्हणत होते, टाकण्यापेक्षा दुसऱ्याला दिलेली कितीतरी बरी. एकदा दिली की ती तुमची.

हे निष्कर्ष अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे आत्याबाईंना लावून पाहायचा धोका ज्यानं त्यानं आपापल्या जबाबदारीवर पत्करावा. पण रोख पटण्यासारखा आहे. खरी अडचण 'पुढे देण्यात' नाहीच. घरातल्या कुणालाही नको असलेली, आणि ज्याला देतोय त्यालाही नको असणार हे पक्कं माहीत असलेली वस्तू त्याच्या गळ्यात मारणं, ही अडचण आहे.

म्हणून कपाटात वस्तू ठेवताना एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू कुणीच मागितली नाही तर आपल्याच घरी वापरता येईल का? उत्तर 'हो' असेल तर ठेवा. 'नाही' असेल तर ती साठवू नका.

या चाळणीतून काय पार पडतं? सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल (दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे), चांगल्या सुती कापडाचा एखादा पंचा-नॅपकिनचा संच, झाकण घट्ट बसणारे स्टीलचे डबे, पितळी समई किंवा निरांजन, कोऱ्या वह्या आणि खडूंच्या पेट्या. मुलांसाठी पुस्तकं तर सर्वांत सोयीची. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात, ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी चित्रपुस्तकं अगदी लहानांनाही चालतात. पुस्तकाचं माप चुकत नाही आणि त्याला बॅटरी लागत नाही. बारशासाठी कपडे ठेवायचे तर नवजात बाळाचे नकोत, वर्षाच्या मुलाला होतील असे ठेवा. झबल्या-टोपड्यांचा ढीग त्या घरात आधीच जमलेला असतो आणि बाळ दोन महिन्यांत ते सगळं ओलांडून मोठं होतं.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींचं गणित थोडं वेगळं. सामानाच्या वजनाला मर्यादा, त्यामुळे भारतातून परतताना ते हलकं आणि सपाट तेवढंच उचलतात: खणाच्या कापडाच्या पर्सेस, चांदीचे छोटे करंडे, तोरणं. तिकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला वर्षभर तेच पुरवून वापरलं जातं.

कपाटात ठेवलं म्हणजे टिकलं असं नाही

बहुतेक साठे फसतात ते इथे. वस्तू घेतली, ठेवली आणि ती तशीच राहील असं गृहीत धरलं. पण बंद कपाटातही बरंच काही चालू असतं.

आधी खाण्याच्या वस्तू. सोनपापडी बंद डब्यात काही महिने टिकते, म्हणून तर ती इतक्या घरांत फिरू शकते. पण वेष्टनावर 'बेस्ट बिफोर' तारीख असते आणि घेणारा ती वाचतोच. चॉकलेटवर उन्हाळ्यानंतर पांढुरका थर दिसतो, तो बुरशीचा नसतो. उष्णतेनं आतला कोको बटर वितळून वर येतो आणि पुन्हा गोठतो. खाल्लं तर अपाय होत नाही, पण असं चॉकलेट कुणाला देण्यासारखं नक्कीच राहत नाही. सुकामेवा मुंबई-कोकणच्या दमट हवेत पावसाळ्याआधीच खवट व्हायला लागतो. सरळ सांगायचं तर आहेराच्या कपाटात खाऊ ठेवूच नये. आला तर खाऊन टाकावा.

चांदी काळी पडते कारण हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी तिची प्रक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. रबरातही गंधक असतं, त्यामुळे चांदीच्या वाटीला रबरबँड लावून ठेवला तर नेमक्या त्या रेषेवर काळा पट्टा उमटतो. हवाबंद पिशवीत, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवली तर बरेच महिने चमक राहते. जरीच्या साडीशेजारी डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. मलमलच्या कापडात गुंडाळावी आणि चार-सहा महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच विरते. पुस्तकांना आणि कागदी खोक्यांना कसर लागते. बॅटरीवर चालणारं खेळणं असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवावी, कारण पडून राहिलेल्या बॅटरीतून द्रव गळतो आणि खेळणं कायमचं बंद पडतं. मुलाच्या वाढदिवसाला बंद खेळणं देण्यासारखी फजिती नाही. अत्तर आणि सुगंधी मेणबत्त्या उजेडापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवाव्यात, तरी वर्षाच्या वर नकोच.

स्टीलचा डबा मात्र कशालाच दाद देत नाही. उगीच नाही तो तीन पिढ्या टिकला.

पाकिटांबद्दलही थोडं. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली पाकिटं घरात असावीतच. १०१, ५०१, ११०१ असा वर एक रुपया देण्यामागे समजूत अशी की शून्यावर हिशेब संपतो, एकानं तो पुढे चालू राहतो. पण पाकिटात आधीच पैसे भरून ठेवायची सवय बरी नव्हे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या तेव्हा लग्नसराई तोंडावर होती आणि कित्येकांच्या कपाटात आहेराची पाकिटं तयार होती. मे २०२३ मध्ये २००० ची नोट मागे घेतली तेव्हा त्यातलीच काही मंडळी पुन्हा कपाटाकडे धावली. कोरी पाकिटं ठेवा, नोट आयत्या वेळी घाला.

सगळा हिशेब एकीच्याच डोक्यात

इथवर वस्तूंचं झालं. पण कपाटापेक्षा मोठी गोष्ट कपाटाबाहेर असते. ही साडी कुणाकडून आली, त्यामुळे कुणाला द्यायची नाही. धाकट्या जावेच्या भावाच्या लग्नात त्यांनी आपल्याला काय केलं होतं. कुणाच्या मुलीला मागच्या वेळी राहून गेलं. कुणाला पितळ आवडत नाही. कुणी रुसलंय आणि यंदा जरा बरं द्यायला हवं. हे सगळं लक्षात कोण ठेवतं? बहुतेक घरांत एकच बाई. तिच्याकडे वही नसते. असलीच तर कॅलेंडरच्या मागच्या पानावर दोन ओळी.

मानववंशशास्त्रज्ञ मिकायला दी लिओनार्दो यांनी १९८७ साली अमेरिकेतल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांवर लिहिताना या कामाला 'किन वर्क' म्हटलं, म्हणजे नाती सांभाळण्याचं काम. पत्रं पाठवणं, सण ठरवणं, भेटी निवडणं, कोण कोणाशी बोलत नाही हे ध्यानात ठेवून पाने मांडणं. हे काम घरकामातही मोजलं जात नाही आणि नोकरीतही नाही, पण ते थांबलं की घराण्याचे धागे सुटत जातात. हे थांबलेलं लक्षातही उशिरा येतं. घरातली ती बाई आजारी पडते किंवा जाते. वर्षभरानं मुलगा-सून कपाट उघडतात. आत चाळीस ब्लाउजपीस, सहा साड्या, चार डबे, दोन चांदीच्या वाट्या. कुठलं कुणाकडून आलं, कुणासाठी ठेवलं होतं, यातलं काहीच कळायला मार्ग नसतो. मग सगळं एकदम कुणाला तरी देऊन टाकलं जातं आणि त्यात नातवाच्या मुंजीसाठी बाजूला ठेवलेली वाटीही जाते.

यावरचा उपाय फार साधा आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. वस्तू कपाटात ठेवताना तिला एक चिठ्ठी: कुणाकडून, कोणत्या प्रसंगी, कधी. कुणासाठी मनात असेल तर तेही. देताना चिठ्ठी काढायची आणि वहीत ओळ लिहायची. वही नको तर फोनमध्ये फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा. एरवी त्या ग्रुपवर 'सुप्रभात'ची फुलंच तर येतात. महत्त्वाचं हे की ही नोंद घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी, शक्यतो पुरुषालाही, वाचता यावी. आणि देण्याआधी खोका आतून बघायचा. आधीच्या देणाऱ्याचं शुभेच्छापत्र आत राहिलेलं असतं, कधी पैशांचं पाकीटही. 'आमच्याकडून तुम्हाला' असं म्हणून दिलेल्या डब्यात तिसऱ्याच कुटुंबाचे आशीर्वाद निघणं फार महागात पडतं.

कोणत्या कप्प्यातलं कुणाला?

जाणत्या घरांत कपाटाचे न बोललेले तीन भाग असतात: मानाचं, नेहमीचं आणि 'असंच कुणाला तरी'. विहीणबाईंना पहिल्यातलं, शेजारणीला दुसऱ्यातलं. तिसऱ्यातलं कुणाला? घरी कामाला येणाऱ्या मावशींना, वॉचमनला, दारात येणाऱ्या कुणाला. तीन घरं फिरून आलेली साडी शेवटी मावशींच्या हातात पडते आणि त्यांनी आनंदानं घ्यावी अशी अपेक्षा असते. त्यांनाही देण्याघेण्यातलं कळतं. रोज चार घरं करणाऱ्या बाईला नेसता येणार नाही अशा साडीपेक्षा पाकीट कितीतरी बरं, किंवा त्यांना सरळ विचारावं.

ओटीचंही असंच. विधवा बाई घरी आली की हे कपाट उघडतच नाही, अशी घरं आजही कमी नाहीत. नुकताच नवरा गेलेल्या मावशीला भाचीच्या हळदीकुंकवात कोपऱ्यात बसावं लागतं आणि निघताना तिच्याच हातात काही पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये या गावानं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडचं उदाहरण घ्यायला सांगितलं. घरात हे करायला ठराव लागत नाही. आलेल्या प्रत्येकीला निघताना सारखंच द्यायचं, मग ती सवाष्ण असो, विधवा असो की अविवाहित. हळदीकुंकवाचं वाणही याच हिशेबानं दोन-चार जास्त आणून ठेवावं.

आधीच जमलेल्या ढिगाचं काय करायचं?

एवढं वाचून कुणी कपाट उघडलंच तर पहिल्यांदा दिसतील ते ब्लाउजपीस. ते पुन्हा ओटीत घालायचा मोह होईल. त्याऐवजी त्यातले सुती आणि जाडसर असतील ते वेगळे काढा. जवळच्या शिलाईवाल्या ताईंकडे दिले तर एका ब्लाउजपीसमध्ये नाडीची एक छोटी पिशवी सहज होते, दोन जोडले तर भाजीला नेण्याजोगी. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाल्यापासून अशा पिशव्या कुणालाच जास्त होत नाहीत. जपानमध्ये भेटवस्तू कागदाऐवजी चौकोनी कापडात बांधून द्यायची पद्धत आहे, तिला 'फुरोशिकी' म्हणतात. आपल्याकडच्या खणाच्या तुकड्यात पुस्तक किंवा डबा तसाच गाठ मारून देता येतो, वरचा चकचकीत कागद वाचतो.

पातळ पॉलिएस्टरचे मात्र पिशवीलाही टिकत नाहीत. त्यांचे चौकोन कापून चांदीची आणि पितळेची भांडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये घालायला होतात. राहिलेले गोधडी शिवणाऱ्या बायका आतल्या थरासाठी घेतात. गावाकडे कुणी ओळखीचं असेल तर गठ्ठा तिकडे पाठवता येतो. आणि पुढच्या वेळी ओटीसाठी दुकानात गेलात तर डझनाचा गठ्ठा न घेता शिवता येतील असे दोनच मागा, शक्यतो सुती आणि पूर्ण एक मीटरचे.